लॅपटॉपच्या पोटातली शेगडी : उष्णतेशी झालेल्या ऐंशी वर्षांच्या झगड्याचा इतिहास

१/
गेमिंग लॅपटॉप तापू लागला की जाणकार पाच उपाय सांगतात : आतली धूळ काढा, पंख्याला हवा मिळू द्या, थर्मल पेस्ट बदला, प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे उतरवा आणि खेळाचा वेग आवरा. हे सारे उपाय आजच्या पिढीने शोधले असावेत असे वाटते. वस्तुतः त्यांतला एकही मुळात नवा नाही. त्यांतील काहींची तत्त्वे तर इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या जन्मावेळीच, १९४६ मध्ये, वापरात होती. मधल्या ऐंशी वर्षांत ती कशी विकसित झाली, कधी विसरली गेली आणि त्या विस्मरणाची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

२/
आधी मूळ नियम. विद्युत्प्रवाहामुळे तारेत किती उष्णता निर्माण होते याचा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल याने १८४१ मध्ये मांडला. विजेच्या शेगडीत ही उष्णता हवी असते, संगणकात नको असते; निसर्ग मात्र हवे-नको पाहत नाही. संगणकाने केलेली बेरीज किंवा पडद्यावर रंगवलेले युद्ध यांत वीज साठून राहत नाही. प्रकाश आणि आवाज यांचा किरकोळ अंश बाहेर जातो तेवढाच. बाकी वीज यंत्रातच उष्णता होते. खेळ चालू असताना १८० वॅट घेणारा लॅपटॉप म्हणजे जवळजवळ १८० वॅटची शेगडीच. ही उष्णता नष्ट करता येत नाही. ती दुसरीकडे हलवता येते, किंवा मुळातच कमी निर्माण करता येते. तिसरा मार्ग नाही.

३/
फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक हा संगणक जगासमोर आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. प्रत्येक नळीत तापलेली तार. म्हणजे एका दालनात हजारो छोट्या चुली एकाच वेळी पेटलेल्या. त्यांची धग बाहेर काढण्यासाठी मोठे विद्युत्‌पंखे बसवावे लागले. यंत्राच्या कपाटांत तापनियंत्रकही होते : उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ते वीज तोडत. अतितापाने आपोआप बंद पडणाऱ्या आजच्या लॅपटॉपचा हा थेट पूर्वज.

४/
एनिॲकचा मुख्य अभियंता जे. प्रेस्पर एकर्ट याच्यापुढे एक भीती उभी होती. १८,००० नळ्यांपैकी एक जरी गेली तरी गणित चुकणार. म्हणून त्याने नळ्या त्यांच्या नेमून दिलेल्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजवर चालवल्या. ताण कमी झाला आणि आयुष्य वाढले.

दुसरा धडा अनुभवाने मिळाला. नळ्या बहुधा यंत्र चालू असताना जात नसत. ते सुरू होऊन तापताना किंवा बंद होऊन थंड होताना जात. तापणे-निवणे या फेऱ्यांत धातू आणि काच प्रसरण-आकुंचन पावतात, आणि त्यातच जोड मोडतात. म्हणून एनिॲक शक्यतो बंदच केला जात नसे.

कमी व्होल्टेज आणि तापण्या-निवण्याचा घातक फेरा : हे दोन धडे पुढे पुन्हा पुन्हा येणार आहेत.

५/
ट्रान्झिस्टर आला आणि तापलेली तार गेली. मग एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर कोरण्याची कला साधली. एप्रिल १९६५ मध्ये गॉर्डन मूर याने आपला प्रसिद्ध लेख लिहिला. चिपवरील घटकांची संख्या झपाट्याने वाढत जाईल हे त्याचे भाकीत सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच लेखात उष्णतेवर स्वतंत्र परिच्छेद होता हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. हजारो घटकांची उष्णता एवढ्याशा चिपमधून बाहेर काढता येईल का, हा प्रश्न मूरने स्वतःच विचारला होता. त्याचे उत्तर आशावादी होते : घटक जसे लहान होतील तसे तेवढ्याच क्षेत्रफळात, तेवढ्याच विजेत, ते अधिक वेगाने चालतील.

६/
या आशेला गणिताची बैठक दिली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, १९७४ मध्ये. चिपमधील स्विचची उघडझाप करताना खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. डेनार्डचे म्हणणे असे की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर वेग वाढूनही दर चौरस मिलिमीटरची उष्णता तेवढीच राहील.

यातला ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा. व्होल्टेज १० टक्के उतरले तर ही शक्ती १० नव्हे, सुमारे १९ टक्के घटते. एकर्टने अनुभवाने जे साधले होते, त्याला आता सूत्र मिळाले. पुढची तीस वर्षे संगणक उद्योग या सूत्राच्या कृपेवर जगला.

७/
महासंगणकांना मात्र एवढी सवलत नव्हती. त्यांना वेग आजच हवा होता. १९७६ मध्ये लॉस अलामॉस येथे पोहोचलेल्या क्रे-१ मध्ये शीतकपाटाप्रमाणे फ्रेऑन खेळवलेले होते. १९८० मध्ये आलेल्या आयबीएम ३०८१ मध्ये शंभराहून अधिक चिपांच्या प्रत्येक संचात एकेका चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या टेकवला होता आणि त्यावर थंड पाणी फिरत होते. दट्ट्याभोवतीच्या फटींत हवेऐवजी हेलियम भरला होता, कारण हेलियम हवेच्या सुमारे सहापट चांगला उष्णतावाहक आहे. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्व विद्युत्‌मंडले एका वीजरोधक द्रवात बुडवलेली होती. तेथे गणनेइतकेच महत्त्व नळकामाला आले होते.

८/
हेलियमची ही युक्ती म्हणजे आजच्या थर्मल पेस्टमागचेच तत्त्व होय. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्याच असतात. एकमेकांवर ठेवले की केवळ शिखरे टेकतात. दऱ्यांत हवा अडकते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगले उष्णतावाहक आहे. म्हणजे चिप आणि तांबे यांच्यात केसाहून बारीक हवेचा थर राहिला तरी वाट अडते. पेस्टचे काम एवढेच : ती हवा हटवून त्या दऱ्या भरणे. म्हणून पेस्ट जाड थापण्यात हशील नाही, कारण ती हवेपेक्षा कितीतरी चांगली असली तरी तांब्यापेक्षा फार वाईट असते. आणि वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्यात ती सुकते किंवा कडेला सरकते, तेव्हा दऱ्यांत हवा परत येते.

९/
लॅपटॉप उघडला की चिपपासून पंख्यापर्यंत गेलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्या दिसतात. या हीट पाइपचा इतिहास लॅपटॉपहून जुना आहे. जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉग्लर याने १९४२ मध्ये शीतकपाटाच्या संदर्भात या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४४ मध्ये ते मिळाले आणि मग कागदपत्रांतच राहिले. १९६३ मध्ये लॉस अलामॉसमधील जॉर्ज ग्रोव्हर याने अंतराळातील अणुशक्तीयंत्रांसाठी हीच नळी स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि ‘हीट पाइप’ हे नाव रूढ केले. त्याच लॉस अलामॉसमध्ये तेरा वर्षांनी फ्रेऑनने थंड होणारा क्रे-१ आला, हा एक योगायोग.

१०/
हीट पाइपचे काम मराठी घराला अपरिचित नाही. उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते ते झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते म्हणून. हीट पाइपमध्ये हेच घडते, फक्त बंद नळीत. आतील हवा काढून थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते शंभर अंशांच्या बरेच खाली उकळते. चिपकडच्या टोकाला वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि उष्णता सोडते; मग ते पाणी आतल्या सच्छिद्र अस्तरातून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे परत फिरते. त्यात एकही हलता भाग नाही. अलास्कातील तेलवाहिनीचे खांब रोवलेली गोठलेली जमीन वितळू नये म्हणून खांबांतही अशाच तत्त्वाच्या नळ्या बसवलेल्या आहेत. तेथे पाण्याऐवजी अमोनिया वापरतात.

११/
आता लॅपटॉपकडे. १९८२ मध्ये आलेला ग्रिड कंपास हा घडी घालता येणाऱ्या संगणकांचा एक आद्य नमुना. बिल मॉग्रिज याने त्याची बाह्यरचना केली. किंमत ८,००० डॉलरच्या पुढे, वजन पाच किलोच्या आसपास. त्यात पंखा नव्हता. मॅग्नेशियमचे कवचच उष्णता बाहेर फेकत असे.

नासाने तो अंतराळयानात नेण्यासाठी निवडला तेव्हा त्यात पंखा बसवावा लागला. पृथ्वीवर तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. भारहीन अवस्थेत ‘वर’ असे काही नसतेच. तापलेली हवा जागच्या जागी घोटाळत राहते. लॅपटॉप उशीवर ठेवून खेळणाऱ्याने आपल्या यंत्राची जवळपास हीच गत केलेली असते.

१२/
पंखा नकोसा वाटणे हाही या इतिहासाचा एक धागा आहे. १९८० चा ॲपल ३ हा संगणक पंख्याविना असावा हा स्टीव्ह जॉब्झचा आग्रह होता. उष्णता ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातून जाईल अशी योजना होती. सुरुवातीची यंत्रे मोठ्या प्रमाणात बिघडली. चिपा आपल्या खोबणीतून सैल होत. तेव्हा संगणक दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटावा, असा सल्ला कंपनीकडूनच दिला गेला. दोष उष्णतेचा की सदोष विद्युत्‌पट्टीचा, यावर निर्मात्यांतच पुढे मतभेद राहिले. पण धडा राहिला : शांतता आणि सडपातळ रूप फुकट मिळत नाही. त्याची किंमत यंत्र मोजते, किंवा ग्राहक.

१३/
१९८० च्या दशकातील घरगुती संगणकांतील प्रोसेसर उघडेच असत; त्यांवर ना पंखा, ना धातूच्या पात्या. ४८६ च्या काळात पात्या आल्या. १९९३ मध्ये पेंटियम आला, पाच व्होल्टवर सुमारे १५ वॅट खाणारा, आणि प्रोसेसरवर पंखा ही नित्याची बाब झाली. त्यानंतर व्होल्टेज पाचावरून ३.३ वर, मग दोनाखाली, मग दीडाखाली उतरत गेले. डेनार्डचे सूत्र काम करत होते. पण वेगाची शर्यत त्याहून जोरात धावत होती, आणि प्रत्येक नवी चिप आधीच्या चिपेपेक्षा अधिक वीज मागत होती.

१४/
सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित केला. क्वेक ३ हा खेळ चालू असताना प्रोसेसरवरचा पंखा-पात्यांचा संच काढून घेतला. त्या काळचे एएमडीचे ॲथलॉन काही क्षणांत जळाले. इंटेलच्या पेंटियम ४ वर खेळ कमालीचा मंदावला, पण यंत्र जिवंत राहिले. त्यातील तापमापकाने वेग स्वतःच उतरवला होता.

गेमिंग लॅपटॉपमध्ये खेळ अचानक अडखळू लागतो तेव्हा हेच घडत असते. तो बिघाड नव्हे. यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला आखडता हात आहे. त्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, आणि ते लक्षण आहे, रोग नव्हे.

१५/
रोगाचे निदान त्याच वर्षी झाले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलच्या पॅट गेल्सिंगर याने सॅन फ्रान्सिस्कोतील अभियंत्यांच्या परिषदेत इशारा दिला : हीच चाल राहिली तर चिपची उष्णताघनता काही वर्षांत अणुभट्टीची, मग अग्निबाणाच्या नळकांड्याची, मग सूर्यपृष्ठाची बरोबरी करील.

२००४ मध्ये ९० नॅनोमीटरचा पेंटियम ४ आला. ट्रान्झिस्टर लहान झाले, पण व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेना. त्याहून खाली नेले तर स्विच नीट बंदच होत नव्हते आणि बंद अवस्थेतही वीज गळत होती. उष्णता शंभर वॅटच्या पुढे गेली. डेनार्डचे सूत्र संपले होते.

१६/
मे २००४ मध्ये इंटेलने पुढचा वेगवान प्रोसेसर ‘तेहास’ रद्द केला. त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ही सोडून दिला, आणि कंपनीचा प्रमुख क्रेग बॅरेट याने ऑक्टोबरमधील एका परिषदेत गुडघे टेकून श्रोत्यांची गमतीने माफी मागितली. गंमत असली तरी शरणागती खरी होती, आणि ती प्रतिस्पर्ध्यापुढे नव्हे, उष्णतेपुढे होती.

सुटका केली ती लॅपटॉपच्या चिपने. इस्राएलमधील हैफा येथील चमूने बॅटरी पुरावी म्हणून कमी विजेत अधिक काम करणारा पेंटियम एम घडवला होता, २००३ मध्ये. पुढच्या कोअर मालिकेचा वंश त्याच्याकडून आला. काटकसरीसाठी केलेली चिप वेगातही सरस ठरली.

१७/
दुसरी वाट होती ती एका तापट प्रोसेसरऐवजी अनेक सौम्य प्रोसेसर जोडण्याची. बहुगाभा चिपा २००५ पासून घरोघरी आल्या. पुण्याला ही कल्पना त्याआधीच परिचित होती. सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये घडवलेला परम ८००० हा महासंगणक एकाच अतिवेगवान प्रोसेसरवर नव्हे, तर एकत्र काम करणाऱ्या अनेक ट्रान्सप्यूटर चिपांवर उभा होता. तेथे कारण उष्णतेचे नव्हते. क्रेसारखी यंत्रे सहज मिळत नसल्यामुळे उपलब्ध चिपांतून सामर्थ्य उभे करण्याचे होते. पण टंचाईने पुण्याला ज्या वाटेवर नेले, त्याच वाटेवर उष्णतेने पुढे साऱ्या जगाला नेले.

१८/
मग गेमिंग लॅपटॉप अजून का तापतो? कारण त्यात एक नव्हे, दोन शेगड्या आहेत. प्रोसेसर सावरला, पण खेळाची चित्रे रंगवणारी ग्राफिक्स चिप वाढतच गेली, आणि हे दोघेही एकाच पातळ पेटीत, पुष्कळदा एकाच हीट पाइपच्या संचावर बसवले गेले.

याची धग माणसापर्यंत पोहोचली. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. महिनोन्‌महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळल्याने त्याच्या मांडीच्या कातडीवर जाळीसारखा डाग उमटला होता. वैद्यकाला हा डाग जुनाच ठाऊक होता. फिरनखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्या काश्मिरींच्या कातडीवरही दीर्घकाळच्या धगीने तो उमटतो, आणि अशा कातडीवर उद्‌भवणाऱ्या कर्करोगाविषयी मिशनरी डॉक्टर विल्यम एल्म्सली याने १८६६ मध्येच लिहिले होते.

१९/
एनिॲकचा दुसरा धडा, तापण्या-निवण्याचा, २००७-०८ मध्ये फार महाग पडला. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० च्या बिघाडांपोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. लाल दिव्यांच्या कड्यामुळे तो बिघाड कुप्रसिद्ध झाला. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिपांच्या सदोष बांधणीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली.

दोन्हीकडे मुळाशी चिपखालचे डाखाचे सूक्ष्म सांधे होते. एक्सबॉक्सच्या अभियंत्यांनी पुढे जे सांगितले ते एकर्टच्या सहकाऱ्यांना ओळखीचे वाटले असते : केवळ कमाल तापमानाने नव्हे, तर पुन्हा पुन्हा चालू-बंद होण्याने सांधे तडकत होते.

२०/
या बिघाडांतून लोकवैद्यकही जन्मले. कोणी एक्सबॉक्स टॉवेलात गुंडाळून तापवत. कोणी ग्राफिक्स कार्ड स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये भाजत. काही यंत्रे खरोखर जिवंत होत आणि त्यामुळे ख्याती पसरे. पण शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो; टॉवेलाने तेवढी उष्णता येत नाही. प्रसरणाने तडकलेला सांधा क्षणभर टेकत असे, आणि काही दिवसांनी पुन्हा सुटत असे. टॉवेलात आगीचा धोका, आणि ज्या भट्टीत अन्न शिजते तेथे विषारी वाफा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत दुरुस्तीच्या दुकानांत गरम हवेचा झोत मारून चिप ‘उठवून’ दिली जाते, तेव्हाही हा फरक लक्षात ठेवावा लागतो : सांधा नवा केला आहे, की केवळ गरम केला आहे?

२१/
२०१७ मध्ये एनव्हिडियाने ‘मॅक्स-क्यू’ ही रचना आणली. नाव अग्निबाणविद्येतले : उड्डाणात यानावर हवेचा दाब सर्वाधिक असतो तो क्षण. कल्पना अशी की चिप अखेरच्या मर्यादेपर्यंत ताणण्यापेक्षा दर वॅटमागे सर्वाधिक काम देणाऱ्या टप्प्यावर चालवावी. शेवटचे थोडे टक्के वेग मिळवण्यासाठी वीज बेसुमार वाढवावी लागते. ते टक्के सोडले की यंत्र निवते. एकर्टचा पहिला धडा सत्तर वर्षांनी विक्रीच्या नावासह परतला.

हौशी खेळाडू तर हे आधीपासूनच स्वतः करत होते. प्रत्येक चिपला कारखान्यात सुरक्षिततेसाठी थोडे वाढीव व्होल्टेज दिलेले असते. ते काळजीपूर्वक उतरवले की वेग न घटता उष्णता घटते.

२२/
आणि मग एक विचित्र वळण आले. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लोवेन येथील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. इंटेलच्या प्रोसेसरचे व्होल्टेज सॉफ्टवेअरने नेमक्या क्षणी फार खाली खेचले तर गणित चुकते, आणि त्या चुकीतून चिपच्या सुरक्षित कप्प्यातील गुपिते काढता येतात. ती फट बुजवण्यासाठी व्होल्टेज बदलण्याची वाट बंद करणारी अद्यतने आली. त्यामुळे अनेक लॅपटॉपांत लोकांनी स्वतः शोधलेला सर्वांत गुणकारी उपायच एका रात्रीत निकामी झाला. यंत्र कोणाचे, आणि त्याच्या अंतर्भागावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न उष्णतेच्या निमित्ताने प्रथमच सामान्य ग्राहकाच्या टेबलावर आला.

२३/
उष्णता हलवण्याच्या बाजूला नवे पाऊल पडले ते द्रवरूप धातूचे. २०२० च्या सुमारास काही गेमिंग लॅपटॉपांत आणि प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्टऐवजी गॅलियमयुक्त मिश्रधातू वापरला गेला. गॅलियमचे अस्तित्व मेंडेलेव्हने १८७१ मध्येच भाकीत केले होते. १८७५ मध्ये ते सापडले. सुमारे ३० अंशांना, म्हणजे तळहातावरही, ते वितळते. उष्णता ते पेस्टपेक्षा कितीतरी वेगाने वाहून नेते. पण ते वीजवाहक आहे, आणि ॲल्युमिनियमला आतून पोखरते. एक थेंब भलतीकडे गेला तर यंत्र जाते. म्हणून कारखान्यात बंदिस्त कडे करून वापरलेला हा पदार्थ घरच्या दुरुस्तीत हातचा उपाय मानू नये.

२४/
या इतिहासाच्या उजेडात घरगुती उपायांचा क्रम आपोआप लागतो. आधी धूळ : पंखा आणि पात्या यांच्या मधोमध तिची गादी साचते, आणि ती बाहेरून दिसतही नाही. फुंकरयंत्राने काढताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावी, नाहीतर ती भरमसाट फिरून पंख्याला इजा होते. मग हवा : कठीण, सपाट जागा आणि मागची बाजू थोडी उचललेली. मग खेळाच्या चित्रवेगाला मर्यादा, कारण पडदा दर सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल तर १५० रंगवणे ही निव्वळ उष्णता आहे. मग, वाट उघडी असेल तर, व्होल्टेज. यंत्र काही वर्षांचे असेल तर पेस्ट. द्रवधातू सर्वांत शेवटी, आणि जाणत्या हातीच.

२५/
विदर्भातील वाचकाने एक गणित वेगळे करावे. पंखा लॅपटॉपला खोलीपेक्षा गार कधीच करू शकत नाही. तो केवळ फरक राखतो. चिप खोलीपेक्षा ६० अंश अधिक तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ती ८५ वर राहील. मे महिन्यात चंद्रपुरात खोलीच ४२ अंशांवर गेली, तर हाच हिशेब १०२ वर जातो. बहुतेक प्रोसेसर १०० च्या आसपास हात आखडतात. यंत्रात कोणताही दोष नसताना खेळ अडखळेल. तेथे पेस्ट बदलून फरक थोडाच पडेल. निर्माण होणारी उष्णताच कमी करणे हा खरा उपाय.

२६/
ऐंशी वर्षांचा हा प्रवास दोन क्रियापदांत मावतो : हलवणे आणि कमी करणे. हलवण्याच्या कलेने फ्रेऑन, हीट पाइप आणि द्रवधातू दिले. त्यांविना आजचे यंत्र चाललेच नसते. पण हलवलेली उष्णता कोठेतरी जातेच : खोलीत, मांडीवर, डाखाच्या सांध्यात. २००४ मध्ये उद्योग सावरला तो अधिक मोठा पंखा लावून नव्हे, तर कमी विजेत काम करायला शिकून. दुरुस्तीच्या टेबलावरही तोच नियम लागू आहे. चढ्या आवाजाच्या कूलिंग पॅडवर पैसे घालण्याआधी यंत्र विनाकारण किती राबते आहे हे पाहावे. एकर्टच्या १८,००० नळ्या टिकल्या त्या याच विवेकाने.

(धागा समाप्त)